चौथ्या खुंटीचं हरीण

पदरचा पैसा न मोडता वाळवंटात शिकार कशी करावी, या विषयातला जगातला सगळ्यात मोठा जाणकार माझा मामेसासरा होता, हे मी आज ऐंशी ओलांडल्यावरही कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. या विषयात जगात दुसरा जाणकार नव्हता ही गोष्ट वेगळी. आणि अकरा हिवाळे वाळवंट पालथं घालून या जाणकाराने एकही हरीण मारलेलं नव्हतं, ही तर त्याहून वेगळी. पण ज्ञान आणि यश यांचा एकमेकांशी काही संबंध असतो असं मामूंना कधी वाटलं नाही, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या माणसालाही तासाभरात तसं वाटेनासं व्हायचं.

मामू म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. मी साठच्या दशकात लग्नानंतर दोन महिन्यांनी बायकोला रत्नागिरीकडच्या आमच्या गावी ठेवून आगबोटीने दुबईला उतरलो, तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन सदरे, एक लोणच्याची बरणी आणि 'मामूकडे जा' एवढीच चिठ्ठी होती. तेव्हा दुबई म्हणजे खाडीच्या दोन बाजूंना वसलेलं एक गाव. मोठी जहाजं बाहेर समुद्रात उभी राहत आणि त्यांच्यावरचा माल सपाट पडावांतून खाडीत आणावा लागे. अशाच एका पडावावर मामू तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. खाडीकाठच्या देरा नावाच्या वस्तीतल्या एका खोलीत आम्ही कोकणातले नऊ जण राहायचो. मामू मला पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणायचे, कारण मी जावई. पण जावयाचा मान ठेवणं आणि जावयाला शिव्या देणं या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वाक्यात जमत. "जावाय, तुम्ही एकदम गाढव हायत, बसा, चहा घ्या," असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते.

त्यांचा सगळा जीव वर्षातल्या तीन-चार थंडीच्या महिन्यांत अडकलेला असे. शिकार तर मोठी माणसंही करत. त्यांच्या जीपगाड्या असत, हातावर बहिरी ससाणे असत, मागून तंबू आणि आचारी येत. मामूंना त्या सगळ्याचा मनापासून तिटकारा. त्यांचं म्हणणं, एवढी जमीन अल्लानं उघडी टाकली आहे, ना कुंपण, ना पाटी, ना परवाना, आणि तिथं जायला माणसाला आचारी कशाला लागतो? त्यांची मोहीम गुरुवारी दुपारी निघायची आणि शुक्रवारी संध्याकाळी परतायची. वाळवंटापलीकडच्या बुरैमी गावाकडे माल घेऊन जाणाऱ्या एका बलुची ड्रायव्हरच्या लॉरीत पोत्यांवर बसून जायचं, येताना तीच लॉरी पकडायची. भाडं म्हणून ड्रायव्हरला शिकारीतला वाटा. पाण्याची पखाल, तांदळाच्या भाकऱ्या, सुके बोंबील आणि त्यांची ती म्हातारी एकनळी बंदूक. काडतूस मात्र एकच. मी एकदा भीत भीत म्हटलं, मामू, दोन घेतली तर? ते म्हणाले, "दुसरं काडतूस खिशात असलं का पैलं चुकतंच. खलास. एकच घ्यायचं."

आयुष्य दर्यावर गेल्यामुळे वाळवंट हाही त्यांच्या लेखी एक दर्याच होता, फक्त जरा घट्ट. वाळूच्या टेकडीला ते लाट म्हणायचे. डावं-उजवं हे शब्द त्यांना मान्य नव्हते. "जरा दर्याकडं सरका", "डोंगराकडं बघा" असं चालायचं. जेवणाच्या डब्याच्या खालच्या खणात पडावावरचं जुनं होकायंत्र असायचं, त्यामुळे वाट चुकली की आधी भाकऱ्या बाहेर काढाव्या लागत. लॉरी खड्ड्यात गचका खाऊन कलली की हे पोत्यांवर उभे राहून "शीड उतरवा" म्हणून ओरडायचे आणि बलुची ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून "चाचा, बैठ जाओ, यह जहाज नहीं है" म्हणून विनवायचा.

शिकारीचे कायदे मात्र त्यांनी गावच्या जंगलातून जसेच्या तसे आणलेले. गावाकडे भेकराच्या शिकारीला झाडावर माळा बांधून बसतात, म्हणून एका हिवाळ्यात त्यांनी पडावाची एक अख्खी फळी डोक्यावर घेऊन वाळूतून दोन तास चाल केली आणि घाफच्या झाडावर माळा बांधला. घाफ हे तिकडचं एकुलतं एक झाड, आपल्या बाभळीच्या नात्यातलं. मामू पाल्यात दडून बसले. थोड्या वेळाने एक उंट आला. उंटाला घाफचा पाला प्राणाहून प्रिय. त्याने खालून सुरुवात केली आणि शांतपणे, चवीने, एकेक फांदी ओरबाडत सगळा आडोसा खाऊन टाकला. शेवटी फळीवर मांडी घालून बसलेले मामू चारी बाजूंनी उघडे पडले आणि उंट त्यांच्याकडे बघत चघळत उभा राहिला. ही गोष्ट खोलीत त्यांनी स्वतःच सांगितली. हसलं कुणी तर त्यांना राग येत नसे, फक्त उंटाची बाजू घेतली की यायचा.

वाट्यांचा कायदा तर काटेकोर. गावात शिकारीत जो सामील तो वाटेकरी, आणि वाटेत भेटला तोही वाटेकरी. मुंडी मात्र मारणाऱ्याची, त्यात बदल नाही. मामूंना बहुतेक वेळा ससा मिळायचा, तोही तिथला ससा, हाडं मोजून घ्यावीत इतका बारीक. त्या सशाचे खोलीतल्या नऊ जणांचे नऊ, ड्रायव्हरचा एक आणि विहिरीवरच्या म्हाताऱ्याचा एक असे अकरा वाटे पडायचे. माझ्या वाट्याला एकदा एक कान आला होता. मी तक्रार केली नाही, कारण शेजारच्याला दुसरा कान होता.

विहिरीवरचा म्हातारा म्हणजे एक बदू, वाळवंटातच राहणारा अरब. त्याचा काळा तंबू एका गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी असायचा. जमीन उघडी असली तरी विहीर ज्याची त्याला विचारल्याशिवाय बंदूक खांद्यावरून उतरवायची नाही, हे मामूंचं तत्त्व. परवाना म्हणजे कॉफी. घोट-घोटभर तीन कप प्यायचे, तिकडच्या-इकडच्या खबरा द्यायच्या, मग कप हलवून परत करायचा, म्हणजे तो पुन्हा भरत नाही. मला हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या खेपेला मी चौदा कप प्यालो.  मामू खूश. "जावाय, तुम्ही आज इतका परवाना काढलात का पुढल्या वर्साला पन पुरेल."

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. मामूंच्या गावच्या घराच्या दारावर चार खुंट्या आहेत. पहिलीवर त्यांच्या पणज्याने मारलेल्या सांबराची शिंगं, दुसरीवर आज्याने मारलेल्या भेकराची, तिसरीवर त्यांच्या बावांनी, म्हणजे वडिलांनी मारलेल्या हरणाची. चौथी रिकामी. ती बावांनी मामूंच्या जन्माच्या दिवशी स्वतः ठोकलेली. मामूंनी जंगल सोडून दर्या धरला तेव्हा बावा गावासमोर म्हणाले होते, "हा दर्यावर्दी झाला. आता हाच्या हातनं हरीण मरत नाय. खुंटीवर टोपी लावा." आणि खरंच, तेव्हापासून त्या खुंटीला घरातल्या माणसांच्या टोप्या लटकत. मामूंना ते सारखं दिसायचं. समुद्रापल्याड, खोलीत चटईवर पडल्या पडल्या त्यांना ती टोपी दिसायची. "अबू धाबी म्हंजे हरनाचा बाप," ते मला पटवत. "बापाचं गाव हितं हाय, मग पोरं कुठं जातील? इन्शाल्ला, ह्या वर्साला."

अकराव्या हिवाळ्यात मात्र गावाहून पत्र आलं. खोलीतली पत्रं वाचण्याचं आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे, कारण मी कचेरीत कारकून. बावांनी अंथरूण धरलं होतं. डॉक्टर म्हणाला, पावसाळा काढतील असं वाटत नाही. मी वाचून संपवलं. मामूंनी विचारलं, "टोपीचं काय लिवलंय?" टोपीचं काही लिहिलेलं नव्हतं. ते उठले आणि बंदुकीला तेल द्यायला बसले. तेल देऊन झालं तरी ते देत राहिले.

त्या खेपेला कॉफीचा दुसरा कप होताच मामूंनी म्हाताऱ्या बदूला सगळं सांगितलं, खुंटी, टोपी, बाप, अंथरूण. त्यांचं अरबी म्हणजे निम्मं हिंदी आणि उरलेले हातवारे, पण म्हाताऱ्याला कळलं.  तो पुढे वाकला, मामूंच्या छातीपाशी नाक नेलं, जोरात श्वास ओढला आणि म्हणाला, "बहर." म्हणजे समुद्र. मग त्याने मामूंच्या खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेले बोंबील बाहेर काढले.

अकरा हिवाळे! वारा कुठून येतो हे बोट ओलं करून बघणारा, हरणाच्या वाऱ्याखाली राहण्यासाठी मैलमैल वळसे घेणारा हा माणूस खिशात सुके बोंबील घेऊन फिरत होता. ज्या वाळूने मासा कधी पाहिला नव्हता तिथल्या हरणांना दर हिवाळ्यात चार कोसांवरून वर्दी मिळत होती की तांडेल आले. जन्मभर त्या वासात राहिलेल्या आम्हा कोकणातल्या माणसांना तो वास आहे हेच सुचलं नव्हतं. मला हसू आवरेना. मामूंकडे पाहिलं आणि हसू गेलं. ते बोंबलांकडे असे बघत होते की जणू घरातल्याच माणसाने दगा दिला. मग त्यांनी ती पुडी म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. सदरा काढला, विहिरीवर वाळूने घासून अंग धुतलं, मलाही धुवायला लावलं, आणि म्हाताऱ्याचे दोन जुने, उंटाचा वास येणारे झगे आम्ही अंगात घातले. त्या दिवशी मामू नुसती भाकरी खाऊन राहिले. बोंबलाशिवायचं जेवण त्यांनी त्याआधी कधी जेवण म्हणून मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज पढून आम्ही एका लाटेमागे पालथे पडलो. उजाडलं तसं समोरच्या सपाट जागेवर, एका घाफखाली, हरीण उभं असलेलं मला दिसलं. नर. फिकट पिवळा, पोटाशी पांढरा, आणि दोन सरळ काळी शिंगं.  मी कुजबुजलो, "मामू, दिसलं?"

"दिसलं, दिसलं."

बंदुकीची नळी हरणापासून वीस हात लांब एका झुडपावर रोखलेली होती. मी म्हटलं, "जरा दर्याकडं." नळी सरकली आणि दुसऱ्या झुडपावर थांबली. "आता दिसलं," मामू म्हणाले.  मला एकदम मागचं सगळं आठवलं. आधीच्या महिन्यात ते एका हरणामागे दोन तास रांगले होते आणि ती म्हाताऱ्याची शेळी निघाली होती. पत्रं ते वाचायला माझ्याकडे द्यायचे, पण लिफाफ्यावरचा मोठ्या अक्षरांतला पत्ताही अलीकडे मलाच विचारायचे. ससे तर त्या हिवाळ्यात मिळालेच नव्हते.

मामू खूप वेळ तसेच पडून राहिले. मग त्यांनी हरणाकडे न बघता बंदूक माझ्या हातात दिली. "जावाय, तुम्ही मारा. माझ्या डोळ्यात वाळू गेली." त्या वेळी वाऱ्याचा मागमूस नव्हता. घाफचं पान हलत नव्हतं.

मी जन्मात बंदूक चालवली नव्हती. मामू कानाशी पुटपुटत होते, जणू त्यांना माझ्या डोळ्यांतून दिसत होतं. "श्वास निम्मा सोडा. खांद्याच्या मागं बघा, शिंगांकडं बघू नका. शिंगं बघितली का माणूस चुकतो. बिस्मिल्ला म्हणा. घोडा वढू नका, पिळा." मी बिस्मिल्ला म्हटलं, घोडा पिळला, आणि खांदा निखळल्यासारखं झालं. डोळे उघडले तेव्हा मामू धावत होते. ते नीट दिशेने धावत नव्हते, पण धावत होते, आणि मोठ्याने रडत-हसत ओरडत होते, "पडलं? जावाय, पडलं का?"

पडलं होतं. म्हाताऱ्याचे दोन वाटे, ड्रायव्हरचा एक, खोलीचे नऊ. वाटे पाडून झाल्यावर मामूंनी मुंडी माझ्यासमोर ठेवली. मी ती त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी परत माझ्याकडे. "मुंडी मारनाऱ्याची." मी म्हटलं, मामू, खुंटी तुमची आहे, गावात कुणाला काय कळतंय, तिथून इथे कोण बघायला येणार आहे? मामूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांना हरीण दिसत नव्हतं, पण मी पुरेपूर दिसत होतो. "जावाय," ते म्हणाले, "तुम्ही मला चोर समजता काय?"

लॉरीत ती मुंडी आमच्या दोघांच्या मधल्या पोत्यावर बेवारशी पडून होती. शेवटी मीच कायदा वापरला. म्हटलं, मुंडी माझी ना? मग मी ती कुणालाही देईन. आजेसासऱ्यांना जावयाकडून भेट म्हणून पाठवतो. मामूंनी त्यावर दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "पाठवा. पन पत्र मी सांगतो तसं लिवायचं. एक अक्षर इकडंतिकडं नाय." आणि मी लिहिलं, 'बावा, हे हरीण मी मारलेले नाही. ते माझ्यासमोर होते, पण माझ्या डोळ्यांना दिसले नाही. मारणारा जावई आहे. खुंटीवर टोपीच असू द्या. शिंगे नुसती हातात घेऊन बघा.' डोळ्यांचं वाक्य मी गाळणार होतो. त्यांनी परत वाचायला लावलं आणि ते आहे याची खात्री करून घेतली. शिंगांना त्यांनी आठ दिवस खोबरेल चोळलं. मग आगबोटीने गावी निघालेल्या एका ओळखीच्या माणसाच्या ट्रंकेत, माझ्या बायकोसाठी घेतलेल्या कापडात गुंडाळून ती रवाना झाली.

उत्तर दीड महिन्याने आलं. अक्षर गावच्या मास्तरांचं, शब्द बावांचे. मी खोलीबाहेर, पडवीत बसून मामूंना वाचून दाखवलं. ते मला अजून पाठ आहे.

'शिंगे पोचली. तू मारले नाहीस असे लिहिलेस ते वाचले. तिसऱ्या खुंटीवरचे हरीण मीही मारलेले नाही. ती शिंगे चिपळूणच्या बाजारातून आणली. तुझ्या आज्याला सांगितले मी मारले, तो फार खूश झाला, मग खरे सांगायचे राहून गेले. चाळीस वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी त्या शिकारीची गोष्ट सांगतो आणि दर वेळी हरीण थोडे मोठे होते. मास्तरांना शपथ घातली आहे, ते बोलणार नाहीत. आज टोपी काढली. चौथ्या खुंटीवर तुझी शिंगे लावली. माझ्या आणि तुझ्या खुंटीत खरी शिंगे तुझी आहेत. डोळ्यांची काळजी घे.'

मामूंनी परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, "जाळा हे पत्र. बावाची गोष्ट बाहेर जायला नको." मी काडी लावली. कागद जळून काळा होईपर्यंत ते बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की अकरा हिवाळ्यांत कुठल्याही सशाने तो त्यांना दिला नव्हता. बावा पावसाळ्याच्या तोंडावर गेले. मामूंनी बंदूक विकली. पुढचे कितीतरी हिवाळे ते गुरुवारी दुपारी त्याच लॉरीने विहिरीवर जात राहिले, खिसा बोंबलांनी भरून. म्हाताऱ्या बदूला ती पहिली पुडी आवडली होती म्हणे. दोघे तंबूबाहेर निखाऱ्यावर बोंबील भाजत बसायचे आणि आता वारा कुठूनही आला तरी मामूंची हरकत नसे.

आज मास्तर नाहीत, मामू नाहीत, तो म्हातारा नाही, आणि ज्यांची गोष्ट लपवायची होती ते बावाही नाहीत, म्हणून हे पहिल्यांदा लिहितो आहे. मी आता दुबईतच, अल बर्शाला मुलाच्या घरी राहतो. खिडकीतून मेट्रो जाते असं सगळे सांगतात, मला फक्त आवाज येतो. मागच्या थंडीत माझी नात मला गाडीतून शहराबाहेर फिरायला घेऊन गेली. राखीव रानाच्या कडेला तिने एकदम ब्रेक मारला आणि माझा दंड धरला. "दादाजी, लुक! गझेल! राइट देअर, अंडर द ट्री! कॅन यू सी इट?"

समोर सगळं पिवळं धुकं होतं. मी मान जराशी दर्याकडे वळवली.

"दिसलं," मी म्हणालो. "दिसलं, दिसलं."